मुक्काम पोस्ट मुरबे

सहलीला कुठं जायचं, यावर आपल्या घरात आठ-आठ दिवस खल चालतो. मुलांना समुद्र हवा असतो, 'ह्यांना' किल्ला हवा असतो, सासूबाईंना देऊळ हवं असतं, आणि आपल्याला काय हवं ते कुणी विचारत नाही म्हणून आपणही सांगत नाही. मग एकदाचं ठिकाण ठरतं. राहायचं कुठं, हा विचार मात्र आदल्या रात्री, पिशव्या भरता भरता होतो. 'तिथं गेल्यावर बघू,' असं पुरुषमाणसं म्हणतात. मैत्रिणींनो, 'तिथं गेल्यावर बघू' म्हणजे काय, ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे! तिसऱ्या मजल्यावरची खोली, खाली मध्यरात्रीपर्यंत लाउडस्पीकर, न्हाणीघरात एकच बादली, आणि धाकट्याचं दूध तापवायचं तर खालच्या हॉटेलवाल्याच्या विनवण्या.

माझं तर आता ठाम मत झालं आहे की, चार दिवसांची घरची सहल गोड होणार की कडू, ते पाहायच्या ठिकाणांवर ठरत नाही, मुक्कामावर ठरतं. गर्दीच्या, गाजलेल्या ठिकाणी जावं जरूर. पण राहू नये. त्याच्या आसपास एखादं शांत गाव, शहराच्या कडेची एखादी वाडी शोधावी, तिथं एकदाच पथारी पसरावी, आणि रोज सकाळी डबा-पाण्याची बाटली घेऊन निघावं, दिवेलागणीला परत यावं. पिशवी एकदा उघडायची, एकदाच भरायची. ऐकायला साधी गोष्ट आहे, पण घरातल्या बाईच्या दृष्टीनं तिच्यात निम्मी सहल आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे पालघरच्या किनाऱ्याचा बेत निघाला. ह्यांनी कागदावर आखणी केली ती अशी : एक रात्र केळव्याला, एक डहाणूला, एक बोर्डीला आणि चौथ्या दिवशी घरी. आखणी मोठी सुबक होती. मी फक्त एवढंच विचारलं, की पाच माणसांचे ओले टॉवेल, सासूबाईंच्या औषधांची पुरचुंडी, मुलांचे वाळूनं भरलेले कपडे हे सगळं तीन वेळा बांधणार कोण? यावर थोडा वेळ शांतता पसरली. मग नकाशा माझ्याकडे आला.

नकाशावर पश्चिम रेल्वेची रेघ पाहा. चर्चगेटपासून विरार साठ किलोमीटर, आणि तिथून पुढं वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव आणि मग डहाणू रोड; चर्चगेटपासून एकूण सुमारे १२४ किलोमीटर. २०१३ च्या एप्रिलपासून लोकलगाडी थेट डहाणूपर्यंत धावू लागली आणि हा सगळा पट्टा मुंबईकरांना अंगणासारखा झाला. पुढं १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्यातून वेगळा काढून पालघर जिल्हा झाला. या रेघेच्या पश्चिमेला, समुद्राच्या काठानं बोट फिरवत आलं की दक्षिणेला केळवे, मग शिरगाव, सातपाटी, मध्ये खाडी, खाडीच्या अलीकडे मुरबे, आणि त्याच्याही उत्तरेला नांदगाव, नवापूर, तारापूर, चिंचणी. म्हणजे मुरबे बरोबर मधोमध. पालघर स्टेशनही जवळ, बोईसरही जवळ. नाव गाजलेलं नाही, म्हणून बसगाड्या भरभरून माणसं तिथं येत नाहीत. मी बोट ठेवलं ते तिथंच.

'मग पालघरातच हॉटेल का नाही घ्यायचं?' असं तुम्ही विचाराल. घ्यायला हरकत काहीच नाही. घरात कुणी आजारी असेल, डॉक्टर हाकेच्या अंतरावर हवा असेल, तर मी तेच सांगेन. बोईसरलाही राहायची सोय आहे, पण बोईसर हे कारखान्यांचं गाव. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला येणाऱ्या माणसांसाठी ती हॉटेलं आहेत. माणूस रात्री येऊन झोपतो, सकाळी जातो. खोलीत पलंग, दूरदर्शन संच आणि आरसा. अशा खोलीत दुपारी दोन वाजता दोन मुलं आणि एक आजी यांना घेऊन बसून पाहा! केळव्याला घरगुती राहायची सोय भरपूर आहे आणि लोक अगत्याचे आहेत; पण शनिवार-रविवार धरून जाणार असाल तर शांततेची आशा ठेवू नका. आडवारी गेलात तर केळवेही छान.

आम्हाला मुरब्याची जागा मिळाली ती ओळखीच्या ओळखीनं. वाडीतलं कौलारू घर, पुढं ओटी, मागं विहीर, आणि आम्हाला दोन खोल्या. आता इथं एक महत्त्वाची गोष्ट सांगते. फोनवर भाडं विचारण्याआधी मी काय काय विचारलं, ते ह्यांना फार गमतीचं वाटलं होतं. संडास घरात आहे की बाहेर, आणि उंच बैठकीचा आहे का? (सासूबाईंचे गुडघे.) पाणी दिवसभर येतं की वेळ ठरलेली आहे? मच्छरदाणी आहे का, की आणायची? संध्याकाळी शेवटची रिक्षा किती वाजता मिळते? ओले कपडे वाळत घालायला दोरी आहे का? हसू नका, समुद्रावरच्या सहलीत दोरी नसली तर खुर्च्या, पलंगाचे कठडे आणि खिडक्यांचे गज यांवर सारा संसार लोंबकळतो, आणि तिसऱ्या दिवशी खोलीला कुबट वास येतो.

आणि शेवटचा प्रश्न : जेवण कोण करणार?

या प्रश्नावर जरा थांबू या. 'स्वयंपाकघरासह जागा' अशी जाहिरात दिसली की आपल्याला आनंद होतो. वाटतं, पैसे वाचतील, मुलांना घरचं खायला मिळेल. पण मैत्रिणींनो, स्वयंपाकघरासह जागा म्हणजे स्वयंपाकासह बाई! सकाळी सगळे समुद्रावर आणि आपण कुकरच्या शिट्ट्या मोजत. दुपारी सगळे लवंडलेले आणि आपण भांड्यांपाशी. घरी निदान भांडी घासायला बाई येते. तेव्हा चहा-दूध गरम करायला एक शेगडी मिळत असेल तर तेवढी पुरे. दोन वेळचं जेवण घरमालकीणबाईंकडेच ठरवून टाकावं, आणि त्याचे पैसेही आधीच ठरवावेत. ओळखीचं घर असेल तर आधी नक्कीच ठरवावेत. 'आपल्याच घरचे आहात, द्या काहीही,' असं म्हणणाऱ्या घरी शेवटच्या दिवशी दोन्ही बाजूंना संकोच होतो. ह्यांचं म्हणणं, 'बाहेर कुठंतरी जेवू.' पण बाहेर रोज जेवलं की खर्चही वाढतो आणि तिसऱ्या दिवशी कुणाचं तरी पोट बिघडतं. मी जेवणाचे पैसे भाड्यात धरून अंदाजपत्रक मांडलं. तीन ठिकाणच्या तीन मुक्कामांपेक्षा आणि मधल्या गाड्याघोड्यांपेक्षा ते कमीच भरलं.

पहिल्याच सकाळी मी सवयीनं साडेपाचला उठून शेगडीपाशी गेले, तर मालकीणबाई मागच्या दारातून म्हणाल्या, "अहो ताई, सुट्टीला आलात ना? मग अंधारात उठून चहा कुणासाठी ठेवताय? जा, ओटीवर बसा." मी ओटीवर जाऊन बसले. खरं सांगू? पहिली दहा मिनिटं मला काही सुचेना. हातात काहीतरी असावं असं वाटत होतं.

मुरब्याचा समुद्र म्हणजे चित्रातला निळा समुद्र नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. वाळू काळसर, पाणी गढूळ, आणि ओहोटी लागली की पाणी इतकं दूर जातं की मुलांनी विचारावं, 'समुद्र कुठं गेला?' पण त्या ओल्या वाळूवर खेकड्यांनी काढलेली गोळ्यांची रांगोळी, शिंपले, कोरड्यावर ओढून ठेवलेल्या होड्या, बांबूच्या मांडवांवर दोऱ्यांना लटकवून वाळत घातलेले बोंबील, एवढ्यावर मुलांचे दोन तास सहज जातात. हा सगळा मच्छीमारांचा गाव. वाळत्या मासळीचा वास हवेत असतो, तो तासाभरात अंगवळणी पडतो. ज्यांना मुळीच सोसत नाही त्यांनी या किनाऱ्यावर राहू नये. डहाणूच्या चिकूवाडीत राहावं.

समुद्राकाठी मुलांना घेऊन राहायचं तर भरती-ओहोटीचं गणित घरातल्या एका माणसाला तरी यायला हवं. हल्ली मोबाइलवर वेळा दिसतात, पण आमच्याकडे हे खातं सासूबाईंनी ताब्यात घेतलं. कोळ्यांचा एक जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. शुद्ध असो की वद्य, चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणून साधारण तीन वाजता भरती. दुपारी तीनला आणि पहाटेही तीनच्या सुमाराला. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. तिथून सहा तासांनी ओहोटी. रोज भरती पाऊण तासानं पुढं सरकते, म्हणून ही पाऊणपट. हिशेब अंदाजाचा आहे, पण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. सासूबाईंना तिथी तोंडपाठ, आणि पाऊणकीचे पाढेही त्यांच्याच पिढीला येतात! चार दिवस आमच्या घरात 'आजी, आज पाण्यात कधी जायचं?' असं विचारल्याशिवाय कुणी हललं नाही. एरवी प्रवासात 'आईंना कुठं बसवायचं' हा प्रश्न असतो. इथं सगळं वेळापत्रक त्यांच्या बोटांवर होतं. त्यांच्या चेहऱ्यावरचं तेज मी कितीतरी वर्षांनी पाहिलं. पाण्यात उतरताना मात्र हिशेबावर विसंबू नका. किनाऱ्यावरच्या कुणाही मच्छीमाराला 'दादा, इथं उतरू का?' एवढं विचारा. खाडीच्या मुखाकडे तर मुलांना मुळीच सोडू नका. तिथं पाण्याला ओढ असते.

खाडीपलीकडे समोरच सातपाटी दिसते. इतकी जवळ की हाक मारावीशी वाटते, पण रस्त्यानं जायचं तर वळसा घालून. सातपाटी म्हणजे पापलेटचं माहेर. हाच रुपेरी पापलेट २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्य मासा म्हणून जाहीर झाला, आणि त्यामागं सातपाटीच्या मच्छीमारांची मागणी होती. पापलेटची जाळी वेगळी, त्यांना दालदा म्हणतात. बोंबील मिळतो तो डोलीत, म्हणजे प्रवाहात पिशवीसारख्या उभ्या राहणाऱ्या जाळ्यात. लहान पापलेट जाळ्यात आला तर पुढच्या वर्षी मोठा कुठून येणार, हे तिथल्या बाया आपल्याला बाजारात उभ्या उभ्या समजावून सांगतात. तेव्हा तळहाताएवढी पिल्लं स्वस्त मिळाली म्हणून घेऊ नका. सकाळी होड्या आल्यावर जावं, साडी थोडी वर खोचावी आणि पायांत रबरी चपला घालाव्यात. घासाघीस करावी, पण त्यांना मावशी म्हणून करावी. आणि भाव ठरवून माघारी फिरू नये, त्याचा त्यांना फार राग येतो. (योग्यच आहे!)

सातपाटीच्या वाटेवरच शिरगावचा किल्ला लागतो. ह्यांची हौस तिथं भागली. डोंगर चढायचा नाही, रस्त्याच्या कडेलाच तटबंदी. बुरूज, जिने अजून बऱ्यापैकी उभे आहेत, आणि आत ताडासारखं एक झाड आहे ज्याला चक्क फांद्या फुटलेल्या आहेत. ताडाला फांद्या म्हटल्यावर मुलांचा विश्वास बसेना. इथून वरपर्यंतचे हे सगळे किनारी किल्ले पोर्तुगिजांच्या हातून चिमाजी अप्पांच्या मोहिमेत, १७३९ च्या सुमाराला मराठ्यांकडे आले. तटावर कठडे नाहीत, तेव्हा धाकट्याचा हात सोडू नये.

परत येताना पालघर गावात पाचबत्तीपाशी पाच मिनिटं थांबलो. १४ ऑगस्ट १९४२ ला इथल्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्यांच्यात सातपाटीचे पागधरे होते, नांदगावचे ठाकूर होते, आणि मुरब्याचे रामचंद्र चुरी होते. मोठी मुलगी एकदम म्हणाली, "म्हणजे आपण राहतो त्या मुरब्याचे?" हॉटेलात राहिलो असतो तर हा प्रश्न तिला पडला नसता असं मी म्हणणार नाही, पण 'आपण राहतो त्या' असं ती म्हणाली नसती.

दुसऱ्या दिवशी उत्तरेकडे, तारापूर-चिंचणीला. तारापूरच्या किल्ल्याच्या आत खाजगी वाडी आहे, तेव्हा विचारल्याशिवाय आत शिरू नये. अणुवीज केंद्र दुरूनच पाहायचं. आत कुणाला सोडत नाहीत. देशातलं हे पहिलंच अणुवीज केंद्र, १९६९ साली सुरू झालं. पुढं तिसरी आणि चौथी भट्टी उभारताना अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठवून दुसरीकडे वसवावी लागली. आपल्या घरात बटण दाबलं की दिवा लागतो. त्यासाठी कुणाच्या तरी अंगणातली तुळस हलवावी लागली, हे त्या रस्त्यानं जाताना मनात आल्यावाचून राहत नाही. चिंचणीचा किनारा संध्याकाळी चांगला वाटतो. नवापूरच्या बाजूला मात्र मुलांना पाण्यात उतरवू नका असं मी स्पष्ट सांगेन. कारखान्यांचं सांडपाणी त्या बाजूच्या समुद्रात सोडलं जातं, आणि मासळी घटल्याची तक्रार मच्छीमार वर्षानुवर्षं करत आले आहेत.

तिसरा दिवस केळव्याचा. शितलादेवीचं दर्शन, तिच्या जवळचं कुंड, सुरूची बनं, आणि किनाऱ्यावर शहाळी-भज्यांची दुकानं. गर्दी होती, मुलांनी उंटावर बसायचा हट्ट केला, तो पुरवला. केळवे-माहीमच्या पानवेली मात्र पाहायच्या सोडू नका. मुंबईच्या माहीमपासून वेगळं ओळखता यावं म्हणून त्याला केळवे-माहीम म्हणतात. विड्याच्या पानांसाठी हा भाग प्रसिद्ध आहे. इथली पानं पार उत्तर हिंदुस्थानात जातात. वाडीत शिरताना चपला बाहेर काढायला सांगतात. वेलीला स्पर्श करण्याआधी विचारावं. पानवेल फार नाजूक, तिला रोग चटकन लागतो. सासूबाईंनी ताजं पान घेतलं, चुना लावला आणि सांगितलं की, शहरात आपण जे खातो ते पान नव्हेच! सूर्य मावळल्यावर आम्ही निघालो तेव्हा किनाऱ्यावर गाणी मोठ्यानं सुरू झाली होती. आमच्या ओटीवर परतलो तर लाटांचा आवाज आणि शेजारच्या घरात कुणीतरी जाळं विणत बसलेलं.

चौथ्या दिवशी आम्ही कुठंही गेलो नाही. ह्यांना डहाणूला जाऊन यायचं होतं, मी म्हटलं, 'तुम्ही मुलांना घेऊन जा.' ते गेले. दुपारी जेवण झालं, मालकीणबाई आवरायला आत गेल्या, आणि मी आणि सासूबाई दोघीच ओटीवर. दोन ते चार, दोन तास. वाचायला पुस्तक आणलं होतं, ते उघडलं नाही. निवडायला भाजी नव्हती, घडी घालायला कपडे नव्हते. बऱ्याच वेळानं सासूबाई म्हणाल्या, "मी सहा वेळा यात्रेला गेले बघ. काशी झाली, रामेश्वर झालं. दर वेळी पातेलं बरोबर होतं. चंद्रभागेच्या वाळवंटातसुद्धा मी तीन दगडांची चूल मांडलेली आठवते. समोरचं पाणी कसं होतं ते आठवत नाही." एवढं बोलून त्या पुन्हा समुद्राकडे पाहत बसल्या. चार वाजता मालकीणबाईंनी चहा आणला, तो आम्ही बसल्या जागी घेतला.

त्या संध्याकाळी मालकीणबाई जरा निवांत होत्या, म्हणून गप्पा निघाल्या. गावात सगळीकडे एकच विषय, बंदर. डहाणूजवळ वाढवणला मोठं बंदर होतं आहे. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरातच त्याचं भूमिपूजन झालं. त्यापाठोपाठ मुरब्यालाही बंदर उभारण्याचा प्रस्ताव आला, २०२५ मध्ये जनसुनावणी झाली, आणि तिथं किनाऱ्यावरच्या गावांनी जोरात विरोध केला. बंदर आलं तर नोकऱ्या येतील असं म्हणणारेही आहेत. मालकीणबाईंचं म्हणणं साधं होतं : "मुलगा शिकलाय ताई, त्याला मिळेल कुठंतरी. पण मला कोण नोकरी देणार? मला मासळी विकता येते, सुकवता येते. होडी थांबली की माझा हात थांबला." मी यावर काय बोलणार? आपण ज्याला 'शांत जागा' म्हणून चार दिवसांसाठी शोधत येतो, ती कुणाची तरी रोजची कामाची जागा आहे, आणि ती पुढं कशी राहील हे त्या बाईच्या हातात नाही. त्या रात्री जेवताना ह्यांनीही पुढच्या वर्षीच्या सहलीची आखणी काढली नाही.

म्हणूनच अशा गावी राहताना थोडं जपून राहावं. वाळत घातलेल्या मासळीतून वाट काढत फिरू नये. पायानं उडालेली वाळू बोंबलाला लागली की त्याचा भाव पडतो. काम करणाऱ्या बायांचे फोटो न विचारता काढू नयेत. रात्री ओटीवर मोठ्यानं गाणी लावू नयेत. पहाटे समुद्रावर जाणारी माणसं लवकर झोपलेली असतात. पोहण्याचे कपडे घालून गावातून हिंडू नये, वर काहीतरी पांघरावं. एवढं सांभाळलं की लोक आपल्याला घरात घेतात.

जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मे महिन्यात घामानं जीव जातो. जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि समुद्रही खवळलेला, तेव्हा किनारा सुना वाटतो. बरोबर काय न्यावं? टॉर्च, ओडोमॉस, एक जुनी चादर वाळूत टाकायला, सुती साड्या किंवा पंजाबी ड्रेस (खाऱ्या पाण्यानं सिल्कचं काय होतं ते सांगायला नको), मुलांसाठी सुके कपडे दुप्पट, आणि सुटे पैसे. दूध सकाळी गावात मिळतं का, ते आधी विचारून ठेवावं. लोकलच्या वेळा जाण्याआधीच लिहून घ्याव्यात. विरारच्या पुढं गाड्या कमी आहेत, एक चुकली तर स्टेशनवर बराच वेळ बसावं लागतं. रविवारी संध्याकाळी परतीची गाडी धरू नये. शक्यतो सोमवारी दुपारी निघावं, मुलांची एक दिवसाची शाळा बुडाली तरी चालेल.

येताना चिकू आणि सुकी मासळी आणल्याशिवाय येऊ नका. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ह्यांनी डहाणूहून आणलेले चिकू मी मुद्दाम कडक निवडून घ्यायला सांगितले होते. घरी आल्यावर तांदळाच्या डब्यात घालून ठेवले की तीन-चार दिवसांत एकेक करून पिकतात. सगळे एकदम पिकून वाया जात नाहीत. सुके बोंबील घेताना एक मोडून पाहा. कट्‌कन मोडला तर नीट वाळलेला, वाकला तर ओलसर. आधी वर्तमानपत्रात, मग प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि मग घट्ट झाकणाच्या डब्यात असे तीन पदर करा. घरी आल्यावर एक दिवस कडक ऊन दाखवा आणि कोरड्या बरणीत भरा. एवढं करूनही लोकलच्या डब्यात थोडा वास येणारच. आम्हाला पालघरला बसायला जागा मिळाली, समोरच्या बाईंनी आधी नाकाला पदर लावला, सफाळ्यापर्यंत गप्प बसल्या, आणि वैतरणेच्या पुलावर हळूच विचारलं, "काय भावानं मिळाले हो?"